दाईची दृष्ट

दृष्ट लागण्यावर माझा फारसा विश्वास नाही, दृष्ट काढण्यावर मात्र पूर्ण आहे. लागताना कोणी पाहिली आहे? पण काढली की माणसाला बरं वाटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घ्यायच्या, समोरच्याला पूर्वेकडे तोंड करून बसवायचं, डोक्यावरून पायापर्यंत मूठ उतरवायची, तोंडानं घरच्याची-दारच्याची म्हणायचं आणि मूठ तापल्या तव्यावर रिकामी करायची. तेवढा वेळ घरातलं एक माणूस दुसऱ्या माणसाकडे नीट बघतं. मोबाइल बाजूला पडलेला असतो. आणखी काय पाहिजे?

माझे वडील विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. आईनं सोबत आणलेल्या सामानात पाटा-वरवंटा होता आणि ही विद्या होती. पाटा मोठ्या भावानं नेला, विद्या माझ्या वाट्याला आली. बिब्बा ओवणं, काळी बाहुली शिवणं, वेखंडाच्या कांड्या दोऱ्यात गुंफून बाळाच्या मनगटाला बांधणं, तुपाच्या दिव्यावर तांब्याची वाटी पालथी धरून काजळ पाडणं. कामं फालतू दिसतात, पण प्रत्येकात एक गोम असते. बिब्ब्याचंच बघा. सुईनं भोक पाडताना त्याचं तेल अंगावर आलं तर कातडी फोडांनी भरून येते, म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडायचं. बाहुलीला कापड जुन्या छत्रीचं घ्यायचं, ते उन्हात विटत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, रागावून रागावून अंगवळणी पाडलं.

नोकरी मी शहराबाहेर वसवलेल्या नवा रायपूरमधल्या एका सरकारी ऑफिसात केली. तिकडचे रस्ते एवढे रुंद की पलीकडचं माणूस ओळखू येत नाही, आणि बस एवढ्या कमी की चुकली तर अर्धी रजा गेलीच समजा. त्या चकचकीत ऑफिसात मोठमोठे साहेब दुपारी हळूच माझ्या टेबलाशी यायचे. "मॅडम, वो निंबू-मिर्ची वाला एक मिलेगा क्या? नई गाडी ली है." मी ड्रॉवरमधून काढून द्यायची. निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणी माझ्या कामाचं कौतुक केलं नाही, लिंबांचं केलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण काम मी खरंच बेताचंच करत होते.

मग पोरानं लग्न केलं. पोरगा उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे, शिफ्ट करून आला की आधी अंगणातल्या नळाखाली उभा राहतो, नाहीतर सोफ्यावर त्याच्या आकाराची धूळ उरते. सून पुण्याची. घरून कंप्यूटरवर काम करते, मराठी अशी बोलते की मला शाळेतल्या बाई आठवतात. मी "मले" म्हटलं की तिला हसू येई, ते ती पदराआड लपवी. पदर नसला की कंप्यूटरआड.

मला वाटलं होतं, ही शिकलेली पोरगी माझ्या बिब्ब्यांना नाक मुरडेल. झालं उलटंच. एक दिवस तिच्या खोलीतून धूर येताना दिसला. मी धावत गेले तर बाईसाहेब कुठल्या परदेशी पाल्याची जुडी पेटवून कोपऱ्याकोपऱ्यात फिरवत होत्या. खिडकीत बरणी ठेवलेली, त्यात पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेलं पाणी. एका बाटलीत मीठ, लवंगा, दालचिनी आणि मेण ओतून बंद केलेलं झाकण.

"काय करून राहिली वं?" मी विचारलं.

ती ओशाळली. "आई, घरातली निगेटिव्ह एनर्जी जाते म्हणतात. हे सगळं ना, विचेस करतात. म्हणजे आजकालच्या. चांगल्या."

मी जुडीचा वास घेतला. "यापेक्षा निंबाचा पाला जाळ. फुकटात खोकला येईल."

त्या दिवसापासून आमचं गूळपीठ जमलं. ती स्वतःला विच म्हणायची आणि मला थोरली विच. मी म्हणायची, मी चेटकीण आहे, मला उगीच इंग्रजी करू नकोस. आम्ही दोघी गोलबाजारात जडीबुटीच्या दुकानात जाऊन राळ आणायचो, तुळशीच्या मंजिऱ्या सुकवायचो, निंबाच्या काड्यांसोबत कच्च्या सुतानं त्यांच्या जुड्या बांधायचो. पहिल्याच आठवड्यात बिब्बा तिच्या अंगठ्यावर उतला. टम्म फोड आला. मी खोबरेल लावून देत म्हटलं, "आता तू पास झाली." नात झाली तेव्हा तर आम्हाला ऊत आला. डॉक्टरांनी धुरी देऊ नका म्हणून सांगितलं, डोळ्यांत काजळ घालू नका म्हणून सांगितलं. मी मनातल्या मनात डॉक्टरांचीही दृष्ट काढली आणि काजळाची तीट गालावर, तळपायावर लावून समाधान मानलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक दीदी राहते. छत्तीसगढी बाई, शाळेत शिकवते, नवरा बाहेरगावी नोकरीला. तिची आई अलीकडे गावाहून येऊन राहिली होती. तिला सगळे दाई म्हणायचे, इकडे आईला दाईच म्हणतात. दीदीनं सांगितलं होतं, डोळ्यांच्या इलाजासाठी आली आहे. मला ते कधी पटलं नाही, कारण दाई माझ्यापेक्षा लवकर सुईत दोरा ओवायची.

दाईला खाली आणायला मला किती मस्का लावावा लागला! आधी ती जिन्यातच बसायची. मग दारात. मग एकदा मी जुन्या छत्रीचं कापड तिच्या मांडीवर टाकलं आणि म्हटलं, "दाई, मेरा चश्मा टूट गया, दो टाके मार दो." चष्मा माझ्या डोक्यावरच होता. तिनं तो बघितला आणि शिवू लागली. मग रोज दुपारी येऊ लागली.

तिच्या बाहुल्या म्हणजे एक प्रकरणच होतं. काळी बाहुली कशी हवी? उग्र, डोळे वटारलेली. दाईच्या बाहुल्या हसायच्या. पांढऱ्या दोऱ्यानं एवढंसं हसू, कपाळाला लाल टिकली, अंगाला लुगडं नेसवलेलं. मी म्हटलं, "दाई, इसको देख के नजर भागेगी कि चाय पीने बैठेगी?" दाई तोंडावर पदर घेऊन हसली. पहिल्यांदाच. त्या दिवशी मी दीदीला जिन्यात गाठून सांगितलं की तुझी दाई हसते बरं का. दीदीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, शिकवून शिकवून थकली असेल बिचारी.

एकच गोष्ट मला खटकायची. दाई आमच्या नातीकडे बघायची नाही. नात नुकती रांगायला लागली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लोंबकळायची. ती खोलीत आली की दाई भिंतीकडे तोंड करून बसे. जवळ आली की उठून पाणी प्यायला जाई, आणि पाणी पिऊन परत न येता वरच निघून जाई. कुणी एवढंसं लेकरू बघून "किती गोड" म्हणत नाही? मला राग यायचा. आजीचं काळीज शेवटी, नातीचं कौतुक कुणी केलं तर तीट लावायची आणि नाही केलं तर तोंड फुगवायचं.

हरेली जवळ आली. शेतकऱ्यांचा सण, अवजारं धुऊन पुजायची, दारावर निंबाची डहाळी खोचायची. आमच्या कॉलनीत शेत कुणाकडे नाही, पण दारं सगळ्यांना आहेत. कॉलनीवाल्यांनी त्या दिवशी गेटजवळ छोटा बाजार भरवायचं ठरवलं आणि सुनेनं लगेच आमचं नाव दिलं. जुड्या, बिब्ब्याच्या माळा, मिठाच्या बाटल्या आणि दाईच्या हसऱ्या बाहुल्या. आता आपल्याला एक नाव हवं, ती म्हणाली, इथल्या भाषेतलं. मी म्हटलं ठेव काहीतरी. माझं लक्ष तेव्हा मिरच्या वाळवण्यात होतं.

नाव तिनं मोबाइलला विचारलं. बाजूला दाई बसलेली, वर दीदी, स्वयंपाकघरात मी, आणि विचारलं कुणाला, तर मोबाइलला: छत्तीसगढीत विचला काय म्हणतात?

हरेलीच्या आदल्या दुपारी छपाईवाल्याकडून पुडकं आलं. मी चहा गाळत होते. बाहेरून सुनेचा खुशीतला आवाज आला, "दाई, देखिए ना, कितना प्यारा नाम है! हम तीनों टोनही!"

माझ्या हातातली गाळणी चहात पडली.

हा शब्द रायपुरात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. भांडणात आम्ही एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, पण हा शब्द तोंडातून काढत नाही. शहरात तो निदान दबकून राहतो. खेड्यात एखाद्या बाईला तो चिकटला की तिचं घर जातं, गाव जातं, कधी कधी जीवही जातो. त्यासाठी राज्यात वेगळा कायदा करावा लागला आहे. पुण्याच्या पोरीला त्यात फक्त टोण्याची गंमत ऐकू आली होती. आपल्याकडे जादूटोणा म्हणतात, तसंच काहीतरी.

मी बाहेर आले. गोल पिवळी स्टिकरं, त्यांवर झाडूचं चित्र आणि खाली वळणदार अक्षरांत तो शब्द. एक स्टिकर एका बाहुलीच्या पाठीवर आधीच लावून झालं होतं. दाईनं हातातल्या टाक्याची गाठ मारली, दोरा दातानं तोडला, बाहुली इतर बाहुल्यांच्या ओळीत ठेवली आणि पदर सारखा करून वर निघून गेली. सून माझ्याकडे बघत राहिली. "आई, काय झालं? आवडलं नाही का त्यांना?"

संध्याकाळी दीदी खाली आली. ओट्याला टेकून उभ्याउभ्याच बोलली. गावात शेजारणीचं बाळ होतं. दाई वाटेनं जाता जाता म्हणाली होती, "कतका सुग्घर लइका हे." किती सुंदर लेकरू आहे, बस. बाळाला ताप आला. गावातल्या झाडफूक करणाऱ्या बैगानं नाव घेतलं. माणसं बाळाला घेऊन दाईच्या दारात आली आणि म्हणाली, तूच लावलीस, आता तूच उतार. ती बिचारी काय उतरवणार? पुढचं दीदीनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दाई डोक्यावरून पदर कधी ढळू का देत नाही, त्याखालचे केस कुणी कापले, एवढं मला तेव्हा कळलं.

"आँख का इलाज तो मैंने सबको ऐसे ही बोला था," दीदी म्हणाली. "अब वो मोटरी बाँध के बैठी है. बोलती है, नाम यहाँ भी लग गया, तो अपने घर में ही मरूँगी. कल दोपहर की बस से जाएगी. मैं क्या करूँ, बताओ? वहाँ उसको कोई पानी नहीं देगा."

सुनेनं सगळं ऐकलं. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "आई, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"तुले माहीत नव्हतं, हे दाईले कसं माहीत असन?" मी म्हटलं. जरा कडकच निघालं तोंडातून. मग तिच्याजवळ बसले आणि दोघींनी खोबरेल लावून नखानं ते एक स्टिकर खरवडलं. बाकीचं पुडकं तिनं चुलीत... चूल कुठली आता, गॅस आहे. तिनं अंगणात नेऊन जाळलं आणि राख कुंडीत टाकली.

हरेलीची सकाळ झाली. कॉलनीच्या गेटाला निंबाच्या डहाळ्या लागल्या, पोरं गेडीवर, म्हणजे पाय ठेवायला खुंट्या ठोकलेल्या बांबूंवर, चढून टकाटक चालू लागली. आम्ही काही बाजारात बसलो नाही. जेवण उरकल्यावर सून नातीला काखेत घेऊन माझ्यासमोर उभी राहिली, दुसऱ्या हातात वाटी. वाटीत मीठ, मोहरी, मिरच्या. "आई, चला वर. मी दाईंना सांगणार आहे, हिची दृष्ट तुम्हीच काढा. म्हणजे त्यांना कळेल की आमचा त्यांच्यावर किती विश्वास आहे."

मला ते एकदम पटलं. एवढं पटलं की मी चपलासुद्धा घातल्या नाहीत.

दार दीदीनं उघडलं. उंबऱ्यातच मोटरी, तिच्या कपड्यांचं गाठोडं, ठेवलेली. दाई आत जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ लावून. सुनेनं नातीला खाली सोडलं, वाटी पुढे केली आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "दाई, इसकी नजर आप उतार दीजिए."

दाई मागे सरकली. मागे भिंतच होती, तरी सरकली. "मैं कुछु नइ करे हँव, बाई," ती म्हणाली. "मैं तोर नोनी ला देखे घलो नइ हँव." मी काही केलं नाही, तुझ्या पोरीला मी पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दारात बाळ घेऊन आलेली माणसं, हातात मीठ-मोहरी, आणि शब्द तोच, उतार. गावानं जे रागानं केलं, तेच आम्ही लाडानं करत होतो. सुनेचा हात तसाच पुढे राहिला होता आणि तिच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. मला संताप आला. सुनेचा नाही, माझाही नाही, त्या गावाचा. एवढ्या मोठ्या बाईला एका तापानं भिंतीत चिणून टाकलं होतं.

"सरक तू," मी सुनेला म्हटलं आणि वाटी मुठीत रिकामी केली. "दाई, सीधा बैठो. पूरब की तरफ मुँह करो. नोनी को कुछ नहीं हुआ, पेट भरा है और बदमाश है. नजर तुम्हारी उतारनी है."

तिला आधी कळलंच नाही. "मोर?" म्हणजे, माझी?

"हव, तोर."

"मोला काकर नजर लगही?" ती म्हणाली. मला कुणाची नजर लागणार? तिनं हे खरंच विचारलं होतं. नजर म्हणजे तिच्याकडून लागणारी गोष्ट, तिला लागणारी नव्हे, असं तिला सगळ्या गावानं सांगितलं होतं.

"गाँव भर के," मी म्हणाले.

दाई माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच वळली आणि पूर्वेकडे तोंड करून बसली.

मी मूठ उतरवू लागले. गुडघे कुरकुरत होते, पण मी वाकून अगदी पायाच्या अंगठ्यापर्यंत उतरवली. घरच्याची, दारच्याची, माझी आई म्हणायची तसं म्हटलं. मग माझ्या मनानं पुढे जोडलं. गावाची, पाऱ्या-मोहल्ल्याची, शेजारणीची, बैगाची, बघून गप्प बसलेल्यांची. दीदी दाराशी तोंडात पदर कोंबून उभी होती. तेवढ्यात आमची बदमाश नात रांगत रांगत गेली, दाईचं लुगडं मुठीत धरून उठायला लागली आणि धपकन तिच्या मांडीत बसली. दाईनं दोन्ही हात वर उचलले आणि तसेच धरून ठेवले, पोरीला बोटसुद्धा लागू नये म्हणून. सून पुढे झाली नाही. मीही थांबले नाही.

दीदीनं गॅसवर चढवलेला तवा तापला होता. मूठ टाकली आणि मिरच्यांनी असा खाट सोडला की चौघी खोकायला लागलो, डोळ्यांना धारा लागल्या. नियम सांगायचा तर खाट आला म्हणजे दृष्ट नव्हतीच. दृष्ट असली की मिरच्या मुकाट्यानं जळतात.

"निकली क्या?" दीदीनं खोकत खोकत विचारलं.

"बहुत थी," मी ठोकून दिलं. "सब जल गई."

धुरानं नात शिंकली आणि रडायला लागली. सुनेनं तिला घ्यायला हात पुढे केले. पण दाईचे हात खाली आले होते. तिनं पोरीला छातीशी धरलं, पदरानं तिचं नाक झाकलं, उठली आणि उंबऱ्यातली मोटरी ओलांडून बाहेर गॅलरीत गेली. खाली पोरं गेडीवर टकाटक चालली होती. "देख, नोनी," दाई म्हणत होती, "देख, देख."